साक्षीदाराचं शेत कुठं हलवणार?

येरमाळा, ता. कळंब

चि. बाळूस,

तुझी संहिता नीट वाचली. मुंबईतल्या टोळीविरुद्ध साक्ष देणाऱ्या माणसाला पोलीस आपल्या येरमाळ्यात, हायवेवरच्या लॉजवर आणून ठेवतात आणि टोळीची माणसं त्याचा माग काढत येतात. सिनेमा करायला हाताशी पैसा नाही म्हणून तू धास्तावला आहेस. ती धास्ती आधी सोड. रिचर्ड फ्लायशर यांचा ‘द नॅरो मार्जिन’ हा 1952 चा चित्रपट मिळव आणि बघ. टोळीप्रमुखाच्या विधवेला साक्षीसाठी शिकागोहून लॉस एंजेलिसला रेल्वेनं न्यायचं, एवढीच गोष्ट. चित्रीकरण तेरा दिवसांत उरकलं. पार्श्वसंगीत नाही, गाडीचाच आवाज आहे. डब्याचा सेट जागचा हलत नव्हता, म्हणून कॅमेराच हलवला आणि गाडी धावल्याचा भास झाला. ती विधवा समजून ज्या बाईची सोबत करताना पोलीस अधिकारी तिला मनातून हलकी समजत असतो, ती प्रत्यक्षात पोलीस खात्यातलीच निघते, आणि तीच मारली जाते. हा धक्का कथेत मुरलेला आहे. तुझ्या शेवटच्या पानावरचा धक्का मात्र नुसता प्रेक्षकाला चकवण्यापुरता आहे. तो काढ.

आता मुख्य सांगतो. माझी नोकरी कोर्टात गेली, साक्षीदार मी जवळून पाहिले. तुझ्या संहितेत भीती पिस्तुलातून येते. आपल्याकडं ती बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते. दूरचा मेहुणा येतो, चहा घेतो, लेकरांची चौकशी करतो आणि उठता उठता म्हणतो, “आपल्याला इथंच राहायचंय की.” यात धमकी कुठं आहे, असं कुणी विचारलं तर कागदावर दाखवता येत नाही. पण त्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. पुढं शेताची वाट अडते, ठरत आलेली सोयरीक मोडते. आणि तारखेला तो माणूस पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो, “मला काही दिसलं नाही.”

आपल्या जवळचंच खर्डा घे. 28 एप्रिल 2014 ला तिथं नितीन आगे या शाळकरी मुलाचा खून झाला. सारा महाराष्ट्र हळहळला. 2017 च्या नोव्हेंबरात आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. तिथं कुठली मुंबईची टोळी नव्हती, गावच होतं. फितुराला बेइमान म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तू तसं करू नकोस. तो घरी परत जाताना त्याच्या डोक्यात काय चाललं असेल, ते लिही.

कायदाही नीट वाच, कारण तुझा पोलीस फोनवरून हुकूम देतो आणि साक्षीदार गायब होतो, तसं होत नाही. महेंद्र चावला खटल्यात 5 डिसेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. महाराष्ट्रानं त्याआधीच आपला कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या योजनेनुसार अर्ज जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीपुढं जातो. धोका किती, याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. मग गस्त, घराला कॅमेरे, आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणं, इथपासून गाव बदलणं आणि नावच बदलणं इथपर्यंत उपाय आहेत. पण संरक्षण एका वेळी तीन महिन्यांहून जास्त नाही, आणि खटला चालतो वर्षानुवर्षं. बाळू, तुझ्या गोष्टीचा सगळा ताण या फरकात आहे. तिसरा महिना संपत आलाय, पुढचा आदेश अजून आलेला नाही, दाराशी बसणारा शिपाई आज आला नाही. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

म्हणून माझं ऐकशील तर मुंबईचा माणूस येरमाळ्यात आणू नकोस. येरमाळ्याचाच माणूस साक्षीदार कर आणि त्याला पुण्यात नेऊन एका खोलीत ठेव. भाडेकरूला हलवता येतं. सातबारा असलेल्या माणसाला कसं हलवणार? पीक काढणीला आलंय, म्हैस व्यायला झालीय, म्हातारी आई घर सोडायला तयार नाही. चैत्री पौर्णिमेला सारा मुलूख येडेश्वरीला लोटतो, पालखी आमराईकडं निघते, माणसं चुनखडी वेचतात, आणि याला मात्र यायची बंदी. तो येणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि त्याला शोधणाऱ्यांनाही. एरवी आपल्याकडं परका माणूस स्टँडवर उतरला की कोणाचा पाहुणा, हे संध्याकाळपर्यंत कळतं. यात्रेच्या गर्दीत तेवढं कुणी विचारत नाही.

साक्ष झाल्यावर काय, हेही दाखव. देविका रोटावन हिनं 26/11 च्या हल्ल्यात पायाला गोळी लागलेली असताना, 2009 मध्ये कोर्टात कसाबला ओळखलं. लेकरूच होतं ते. पुढं तिला शाळेत घ्यायलासुद्धा लोक बिचकले, आणि घरासाठी तिला 2020 मध्ये उच्च न्यायालयात जावं लागलं. तिची आठवण आली की मला राग येतो, अजून येतो.

एक गोष्ट मात्र करायची नाही. मस्साजोग आपल्यापासून लांब नाही. सरपंच संतोष देशमुख यांच्या 9 डिसेंबर 2024 च्या खुनावरून कथा उचलू नकोस. त्या घरचं दुःख ओलं आहे, आणि त्या खटल्यातले साक्षीदार खरे आहेत. तुझ्या पडद्यावरच्या एखाद्या खुणेनं कुणी ओळखलं गेलं तर सिनेमा कितीही चांगला झाला तरी ते भरून निघणार नाही.

नवा मसुदा लिहून पौर्णिमेच्या आठ दिवस आधी ये. देवस्थानाची आणि पोलीस ठाण्याची परवानगी लागेल, ते अर्ज मी लिहून ठेवतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सरकारी वकील आहेत, त्यांच्याशी बसून कोर्टाचे प्रसंग तपासून घेऊ. मुक्काम घरीच करायचा, सोबतची पोरंही घरीच उतरतील. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा