ऑलिम्पिक नको म्हणणारं टोकियो

गेल्या अंकात साथ आणि गर्दी यांवर लिहिताना टोकियो ऑलिम्पिकचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली काही निवडून उत्तरं देत आहे.

मी निवृत्त क्रीडाशिक्षक. १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकच्या गोष्टी ऐकत आमची पिढी मोठी झाली. शिस्तप्रिय आणि खेळावर जीव टाकणाऱ्या जपानी लोकांनीच दारी आलेली स्पर्धा नको का म्हटलं? – एक वाचक, सातारा

सर, त्यांना खेळ नको नव्हते, २०२१च्या उन्हाळ्यात ते नको होते. मार्च २०२० मध्ये स्पर्धा वर्षभर पुढे ढकलली, तेव्हा वर्षभरात कोरोनाची साथ आटोक्यात येईल अशी आशा होती. पण मे २०२१ उजाडला तरी जपानमध्ये लशीचा एक डोस मिळालेले लोक शंभरात पाचही नव्हते. टोकियोत तिसऱ्यांदा आरोग्य आणीबाणी होती. खाणावळींना दारू देऊ नका, रात्री आठला बंद करा, असं सांगितलं जात होतं. त्याच महिन्यात ‘असाही शिंबुन’ने केलेल्या पाहणीत ४३ टक्के लोक म्हणाले रद्द करा, ४० टक्के म्हणाले पुन्हा पुढे ढकला. हे दैनिक स्वतः ऑलिम्पिकच्या प्रायोजकांपैकी एक होतं. तरीही २६ मे रोजी त्याने अग्रलेखातून पंतप्रधान सुगा यांना स्पर्धा रद्द करण्याचा निर्णय घ्यायला सांगितलं.

पण लोकांच्या मनाला खरं लागलं ते नर्सेसचं प्रकरण. आयोजन समितीने स्पर्धेसाठी पाचशे नर्सेस मागितल्या. वर्षभर पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन राबलेल्या बायकांना वॉर्डातून उचलून स्टेडियमवर नेणार, या विचारानेच त्या संतापल्या. टोकियोच्या पश्चिमेला ताचिकावा येथील एका रुग्णालयाने खिडक्यांच्या काचांवर आतून मोठमोठी अक्षरं चिकटवली होती: आरोग्यव्यवस्थेची मर्यादा संपली, ऑलिम्पिक थांबवा. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती सहज वाचता येत. जपानी रुग्णालय असं उघडपणे सरकारला सुनावतं, तेव्हा आतली परिस्थिती काय असेल हे माझ्यासारख्या सामाजिक आरोग्याचं काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

एवढा विरोध होता, तर पंतप्रधानांनी एका सहीनिशी स्पर्धा रद्द का केली नाही? – विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे

कारण ती सही त्यांच्या हातात नव्हती. २०१३ साली यजमानपद मिळालं, तेव्हाचा करार टोकियो शहर आणि जपानची ऑलिम्पिक समिती यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीशी केला होता. त्यातलं ६६वं कलम तू मुळातून वाचच. युद्ध, यादवी किंवा सहभागींच्या सुरक्षिततेला गंभीर धोका अशा कारणांनी स्पर्धा काढून घेण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय समितीला आहे आणि धोका आहे की नाही हेही तीच ठरवणार. शहराला तसा अधिकार दिलेला नाही. आणि सुरक्षितता कोणाची, तर स्पर्धेत सहभागी होणाऱ्यांची. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या शहरातल्या माणसांचं त्या कलमात नावही नाही. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

सरकारने ठरवलं असतं तर देशाच्या सीमा बंद करून स्पर्धा अशक्य करता आली असती, पण मग भरपाईचं भांडण आलं असतं. पैशाचा धाकही फार मोठा दाखवला जात होता. नोमुरा संशोधन संस्थेच्या अर्थतज्ज्ञाने रद्द करण्याचा तोटा सुमारे १.८ लाख कोटी येन काढला, पण त्याच हिशेबात २०२० च्या पहिल्या आणीबाणीने ६.४ लाख कोटी येनचं नुकसान केल्याचंही मांडलं. दुसरा आकडा सांगणारे थोडे होते. स्पर्धा रद्द करा म्हणून वकील केंजी उत्सुनोमिया यांनी सुरू केलेल्या निवेदनावर नऊ-दहा दिवसांत साडेतीन लाख सह्या झाल्या, त्या टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांच्या कार्यालयात पोचल्या आणि तिथेच राहिल्या.

स्पर्धा तर सुरळीत पार पडली. मग डॉक्टरांनी उगाच भीती घातली, असंच म्हणायचं ना? – एक वाचक, नाशिक

याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही.

परदेशी खेळाडू विषाणू आणतील आणि शहरभर पसरवतील, ही भीती बरीचशी खरी ठरली नाही. रोजच्या चाचण्या आणि खेळाडूंना बाहेरच्यांपासून वेगळं ठेवणारा बायो-बबल यांनी काम केलं. समारोपापर्यंत स्पर्धेशी संबंधित सुमारे ४३० जण बाधित आढळले, त्यांतले निम्म्याहून जास्त जपानमध्येच राहणारे होते. परदेशी प्रेक्षकांना मार्चमध्येच आणि टोकियोतल्या सर्व प्रेक्षकांना जुलैमध्ये बंदी झाली. ही बंदीदेखील विरोधाच्या रेट्यानेच आली, हे विसरू नये. आवाज उठला नसता तर स्टेडियम निम्मी भरवण्याची तयारी होतीच.

आता दुसरी बाजू. उद्घाटनाच्या दिवशी, २३ जुलैला, टोकियोत १,३५९ नवे रुग्ण होते. १३ ऑगस्टला ५,७७३. ही वाढ ऑलिम्पिकमुळे झाली असं मी म्हणणार नाही. डेल्टा प्रकार तेव्हा सगळीकडेच धुमाकूळ घालत होता. पण सरकारचेच सल्लागार डॉ. शिगेरू ओमी यांनी जूनमध्येच संसदेत सांगितलं होतं की अशा साथीत ही स्पर्धा भरवणं एरवी होत नसतं. त्यांचा रोख खेळाडूंवर नव्हता, लोकांच्या मनावर होणाऱ्या परिणामावर होता. एकीकडे घरात बसा म्हणायचं आणि दुसरीकडे रोज पदकांचा जल्लोष दाखवायचा. अशा वेळी घरात बसा हे सांगणं कोण मनावर घेणार? २ ऑगस्टला, स्पर्धा ऐन रंगात असताना, सरकारने जाहीर केलं की गंभीर रुग्ण आणि ज्यांची प्रकृती बिघडण्याचा धोका आहे तेवढेच दाखल होतील, बाकीच्यांनी घरीच राहावं. महिन्याच्या मध्याला टोकियोत वीस हजारांवर रुग्ण घरी पडून होते. शेजारच्या चिबामध्ये एका बाधित गर्भवतीला कुठेच खाट मिळाली नाही, ती घरीच बाळंत झाली आणि बाळ दगावलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. एप्रिल २०२१ मध्ये वानखेडेवर रिकाम्या गॅलऱ्यांपुढे आयपीएल चालू होती, तेव्हा राज्यात लोक खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत होते. ४ मेला स्पर्धा थांबली ती खेळाडूंना लागण झाली म्हणून. बाहेरच्यांचे हाल ती थांबवायला पुरेसे ठरले नव्हते.

म्हणून माझं मत असं: डॉक्टरांचा अंदाज काही ठिकाणी चुकला, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. धोका ज्यांच्या माथी येणार, त्यांना विचारलं का?

आमच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे तिथे स्टीपलचेसमध्ये राष्ट्रीय विक्रम करून आला. स्पर्धा रद्द झाली असती तर अशा पोरांच्या मेहनतीचं काय? – एक प्रशिक्षक, बीड

त्याने ८ मिनिटं १८.१२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली, तेव्हा मीही टीव्हीसमोर ओरडलो होतो. खेळाडूचं ऐन उमेदीचं वर्ष परत येत नाही, ही गोष्ट विरोधकांनीही मान्य करायला हवी होती. जपानमध्ये काही खेळाडूंना स्पर्धा सोडून द्या म्हणून थेट निरोप पाठवले गेले. ते चूक होतं. निर्णय त्यांचा नव्हताच. मात्र पुन्हा पुढे ढकला म्हणणारे ४० टक्के खेळाडूंच्या विरोधात होते, असं तुम्हीही म्हणणार नाही.

या विरोधातून पुढे काही निष्पन्न झालं का? – एक वाचक, डोंबिवली

स्पर्धा संपल्यावर ‘असाही’च्याच पाहणीत ५६ टक्के लोक म्हणाले, झाली ते बरं झालं. मात्र सुगांच्या मंत्रिमंडळाला पाठिंबा २८ टक्क्यांवर आला होता आणि ३ सप्टेंबरला त्यांनी पक्षाध्यक्षपदाची निवडणूक लढवणार नसल्याचं सांगितलं. म्हणजे खेळाडूंचं कौतुक आणि सरकारवरचा राग लोकांनी वेगवेगळा ठेवला. पुढच्या वर्षी टोकियोच्या आयोजन समितीतल्या एका माजी पदाधिकाऱ्याला प्रायोजकांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली, तेव्हा उरलासुरला विश्वासही गेला. जपानमधल्याच सापोरो शहराला २०३० चं हिवाळी ऑलिम्पिक हवं होतं. पण घरच्याच लोकांची साथ मिळेना, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये महापौरांनी ती मागणी मागे घेतली.