हरिहरची चढाई : आमचा बेत
(इयत्ता सातवी)



मागच्या वर्षी मी हरिहर गडाच्या पायऱ्यांखालून परत आले. वर गेले नाही. वर्गातल्या काही जणांनी मला 'भित्री' म्हणून चिडवले. परत का आलो आणि यंदा कोणता बेत केला आहे, ते या लेखात सांगणार आहे.

हरिहर हा किल्ला आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. त्र्यंबकेश्वरहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर निरगुडपाडा लागतो. तेथून एक वाट वर जाते. दुसरी वाट हर्षेवाडीकडून आहे. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११२० मीटर. शहाजीराजांच्या काळात, १६३६ साली, हा गड मोगलांकडे गेला. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. १८१८ साली त्र्यंबक पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती गेला. इंग्रजांनी त्या वेळी पुष्कळ किल्ल्यांच्या वाटा तोडल्या, पण हरिहरच्या पायऱ्या मात्र शाबूत राहिल्या. कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने त्यांच्या उभेपणाबद्दल लिहून ठेवले आहे. परीक्षेला एवढा इतिहास पुरे. आता मुद्द्यावर येते.

गड लांबून चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. खाली उतरता डोंगर आणि वर एकदम उभा कातळ. असे का, ते गुरुजींनी भूगोलाच्या तासाला समजावले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीतून लाव्हारस बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. त्यांतले काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजून उतार झाले, टणक थर तसेच उभे राहिले. म्हणून सह्याद्रीत आधी चाल, मग कडा, पुन्हा चाल, पुन्हा कडा असे लागते. हरिहरच्या शेवटच्या कड्यात जुन्या लोकांनी छिन्नीने पायऱ्या कोरल्या आहेत. त्या शिडीसारख्या उभ्या आहेत. दोन्ही बाजूंना हाताने धरायला खोबण्या आहेत. दरवाजातून आत गेले की कातळाच्या पोटातून कोरलेली, वाकून जायची वाट लागते. तिच्यापुढे आणखी अरुंद पायऱ्या. वर पठारावर तळे, मारुती, महादेव आणि दगडी कोठी आहे. सगळ्यात उंच टेकाडावर पायऱ्या नाहीत. तिथे हातापायांनी खडक धरून चढावे लागते.

हे वरचे वर्णन मी मामाकडून ऐकलेले आहे. मामा त्याच भागात राहतो आणि लहानपणी गुरांमागे तिकडे हिंडलेला आहे.

मागच्या वर्षी आम्ही रविवारी गेलो. जीप साडेपाचला यायची ती पावणेआठला आली. चालायला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. अर्ध्या वाटेत माझ्या हातातली गुळाची पोळी माकडाने नेली. (हसू नका. पिशवी हातात दिसली की माकडे येतातच.) पायऱ्यांखाली पोचलो तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पाणी निम्म्याहून जास्त संपलेले. पायऱ्यांवर शहरातून आलेल्या लोकांची रांग होती. वरचे खाली येत होते, खालचे वर जात होते, आणि वाट तर एकाच माणसाची. सव्वाबारा झाले तरी रांग हलेना. मामा म्हणाला, "चल पोरी, माघारी फिरू." मी रडले. म्हटले, "मामा, एवढंच तर राहिलंय!" तो म्हणाला, "वर जाशील गं, पण उतरताना तुझे पाय थरथर कापतील. आणि खाली माणसं उभी असतील." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटते, त्या दिवशी मामा नसता तर मी नक्की चढले असते.

यंदा आमचे दहा मुलेमुली आणि चार मोठी माणसे जाणार. त्यासाठी आधी गणित केले. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला. सपाट वाटेला तासाला सुमारे ५ किलोमीटर, आणि ६०० मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे १ किलोमीटरला १२ मिनिटे आणि १०० मीटर चढाला १० मिनिटे. समजा वाट ३ किलोमीटरची आहे आणि चढ ४०० मीटरचा आहे. मग ३६ अधिक ४०, म्हणजे ७६ मिनिटे. आम्हाला मागच्या वेळी लागली १३० मिनिटे! नाइस्मिथसाहेब भराभर चालणारे असावेत, आणि त्यांच्या हातातली पोळी कोणी नेली नसावी. म्हणून आम्ही आकडा दुप्पट धरला, म्हणजे अडीच तास.

त्याप्रमाणे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, मधल्या वारी जायचे. रविवार नको. आदल्या रात्री मामाकडे मुक्काम, म्हणजे जीपची वाट बघणे नको. सकाळी सातला चालायला सुरुवात. साडेनऊला पायऱ्यांखाली. साडेदहापर्यंत सगळे पठारावर, अकराला टेकाडावर. बाराला उतरायला लागायचे. पायऱ्या उतरायला दीड तास आणि खालच्या वाटेला अडीच तास धरले, तरी चार वाजता आपण पाड्यावर. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. अडीच तास हातात राहतात, कोणाचा पाय मुरगळला तर ते उपयोगी पडतील.

माघारी फिरायच्या वेळाही आताच ठरवल्या आहेत, कारण वर गेल्यावर कोणालाच फिरावेसे वाटत नाही. अकरापर्यंत पायऱ्यांखाली पोचलो नाही तर तिथूनच परत. खडक ओला असला, पायऱ्यांवर गर्दी असली किंवा आभाळ गडगडले, तरी परत. पावसाळ्यात तर जायचेच नाही, शेवाळावर पाय ठरत नाही. एकाला भीती वाटली तर त्याच्याजवळ एक मोठे माणूस खाली थांबेल, आणि त्याला कोणी चिडवायचे नाही. ही अट मी घातली आहे.

कातळ चढण्याची रीत आम्ही मारुतीच्या देवळामागच्या पुरुषभर उंच खडकावर शिकलो. दोन हात, दोन पाय, मिळून चार. त्यांतले तीन नेहमी खडकाला टेकलेले हवेत, एका वेळी एकच हलवायचा. धरायच्या आधी दगड हलवून बघायचा. भार पायांवर द्यायचा, हातांनी नुसते ओढत बसले तर हात लवकर भरून येतात. उतरताना तोंड खडकाकडे करायचे, जसे आपण माळ्याच्या शिडीवरून उतरतो. आमच्यातला सगळ्यात दांडगा मुलगा भरकन चढला आणि उतरताना अडकला! त्याला खालून 'डावा पाय थोडा खाली, आणखी थोडा' असे सांगावे लागले. चढताना वाट डोळ्यांसमोर असते, उतरताना पायाखालचे दिसत नाही, म्हणून असे होते. पायऱ्यांवर दोघांमध्ये अंतर ठेवायचे. दगड सुटला तर 'दगड!' म्हणून मोठ्याने ओरडायचे, आणि ते ऐकणाऱ्याने वर न बघता खडकाला चिकटायचे.

प्रत्येकाने दोन लिटर पाणी घ्यायचे. दोन लिटर म्हणजे दोन किलो, ते पाठीवरच्या दप्तरात मावते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकडी आणि चिमूटभर मीठही त्यातच, कारण दोन्ही हात मोकळे हवेत. पायात पकड असलेले बूट, गुळगुळीत झालेली चप्पल नको. एक शिट्टी, एक विजेरी, जखमेसाठी पट्टी. वनखात्याच्या सूचना काय आहेत ते मामा आधी विचारून ठेवणार आहे.

नऊ जणांच्या घरून होकार आला आहे. राहिले माझे आजोबा. ते म्हणतात, "मागच्या वर्षी आली ना माघारी? मग पुन्हा कशाला?" आजीने त्यांना सांगितले, "माघारी आली म्हणूनच पाठवा." आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हा लेख मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळच्या फळ्यावर लावावा, असे मी गुरुजींना सांगितले आहे. आजोबा झेंडावंदनाला येणार आहेत.