निकाल लागल्यानंतरची वकिली

चि. मनू,


सनद हातात पडली की थेट दिल्ली गाठायची आणि जनहित याचिकाच लढवायच्या, असं तू ठरवलं आहेस. माझं मत विचारलंस म्हणून लिहितो. दिल्लीला जरूर जा, पण आधी तीन-चार वर्षं तालुक्याच्या कोर्टात काढ.

मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्यांबद्दलचा ओल्गा टेलिसचा निकाल तू परीक्षेसाठी घोकला असशील. १९८५ साल, थोरल्या चंद्रचूडांचं घटनापीठ, उपजीविकेचा हक्क हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. पेपरात एवढ्यावर मार्क मिळतात. आता तो निकाल पुन्हा काढ आणि सगळे गाळतात ती सुरुवातीची पानं वाच. त्यात संगमनेरचा एक चांभार आहे. गावात दिवसाला सात-आठ रुपये कमवायचा, घर पडलं म्हणून १९६९ साली मुंबईला आला, बदली कामगार झाला आणि तुळशीवाडीच्या फुटपाथवर राहायला जागा मिळावी म्हणून एका गुंडाला तीनशे रुपये मोजले. दुसरा तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. जुलै १९८१ मध्ये त्याची झोपडी पाडून कुटुंबासकट त्याला बसमध्ये बसवून गावी धाडलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, हा कामासाठी परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. माझ्या मते सगळा युक्तिवाद या परत येण्यातच आहे. इंदिरा जयसिंग, तारकुंडे, जेठमलानी कोर्टापुढे बोलले, पण ते तीनशे रुपये कुणीतरी आधी त्या माणसाजवळ बसून विचारून घेतले होते. असं विचारता येणं ही या धंद्यातली पहिली विद्या, आणि ती तालुक्यालाच येते. तिथे पक्षकार तुझ्यासमोर बाकावर बसलेला असतो, आणि चार वेळा विचारल्याशिवाय खरी तारीख सांगत नाही.

आता त्याच निकालाचं शेवटचं पान बघ. हक्क मान्य झाला, पण फुटपाथ रिकामा करायचा पालिकेचा अधिकारही कायम राहिला. झोपड्या पावसाळाभर, ३१ ऑक्टोबरपर्यंत पाडायच्या नाहीत आणि १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असेल त्याला पर्यायी जागा द्यायची, एवढी सवलत मिळाली. भाषणांत आपण पहिला भाग सांगतो, फुटपाथवर राहणाऱ्याला दुसरा भाग भोगावा लागतो. कुणाकडे ओळखपत्र आहे, कुणाचं पुरात गेलं, नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते, या कामासाठी टीव्हीवर कुणी बोलावत नाही. मानवी हक्कांची निम्मीअधिक वकिली याच खिडकीपाशी चालते.

दुसरं उदाहरण पत्रकार शीला बर्से यांचं. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी त्या बोलल्या. काहींनी कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. १९८३ मध्ये कोर्टाने निर्देश दिले: स्त्रियांना वेगळ्या कोठडीत, स्त्री पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवा, अटकेची खबर विधी सहाय्य समितीला द्या, आणि छळाची काही तक्रार आहे का, हे न्यायदंडाधिकाऱ्याने प्रत्येक आरोपीला विचारावं. आज हा प्रश्न विचारला जातो. कसा, ते कुठल्याही रिमांडला उभी राहून बघ. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" शेजारी मारणाराच उभा. आरोपी खाली बघून "नाही साहेब" म्हणतो, तशी नोंद होते आणि पुढचा पुकारा होतो. तेव्हा तू पुकाऱ्याच्या आधी व्हरांड्यात दोन मिनिटं काढ. तो चालतो कसा ते बघ, तळवे बघ, जेवलास का विचार. काही दिसलं तर वैद्यकीय तपासणीचा अर्ज लेखीच दे आणि त्यावर लेखी आदेश होईपर्यंत जागचं हलू नकोस. तोंडी विनंती रोजनाम्यात येत नाही.

तसंच दिवस मोजायला शिक. दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८७ मध्ये आहे. पण मागितल्याशिवाय तो मिळत नाही, आणि अर्ज येण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं तर हक्क गेला. मुदत सरली की दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायला तू दारात हवीस. दुपारपर्यंत गठ्ठा घेऊन जमादार येतोच.

पैशाचं तू विचारलं नाहीस, ताईने विचारलं. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव घाल. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो आणि तुला कामाचा सराव होतो. मेहनताना मात्र थोडा, तोही उशिरा. म्हणून अपघाताचे दावे, वाटणीचे दावे, चेक बाऊन्स हेही घे; त्यात कमीपणा मानू नकोस. ज्याच्या घरचा किराणा थकलेला असतो, तो वकील गरिबाच्या तारखेला गैरहजर राहू लागतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. फी घेत नाही म्हणून तयारी कमी करणारे तर मला अजिबात आवडत नाहीत.

तारकुंड्यांचं चरित्र वाचायला मिळालं तर वाच. सासवडचा माणूस, १९५७ पासून मुंबई हायकोर्टाचा न्यायमूर्ती. १९६९ मध्ये पद सोडून सुप्रीम कोर्टात वकिली सुरू केली. पुढे आणीबाणीत जयप्रकाशांबरोबर १९७६ साली नागरी स्वातंत्र्यांची संघटना उभी केली. ते कळवळ्याने बोलायचे म्हणून नव्हे, तर कायदा तळापासून माहीत होता म्हणून समोरच्या बाजूलाही त्यांचं ऐकून घ्यावं लागायचं. तुझ्या वयात घोषणा सोप्या वाटतात, दिवाणी प्रक्रिया संहिता कंटाळवाणी. ती वाचच.

मे महिन्यात इथल्या कोर्टाला सुट्टी असते, पण रिमांडचं काम चालूच राहतं. पंधरा दिवस ये. काळा कोट नको, उकाड्याने जीव जाईल. वही आण आणि मागच्या बाकावर बस. ताईची समजूत मी घालतो.

तुझा
मामा