मुतखड्याचा सीटी स्कॅन आणि रेडिएशनचा हिशोब

बोईसर-तारापूर पट्ट्यात ‘रेडिएशन’ हा शब्द निघाला की बोट आधी अणुवीज केंद्राकडे जाते. १९६९ पासून ते इथे वीज तयार करते आहे, तेव्हा तसे होणे साहजिकच. पण आरोग्य शिबिरात लोकांच्या फाइली चाळताना आम्हाला वेगळेच दिसते. एमआयडीसीत भट्टीवर काम करणाऱ्या एका बांधवाच्या पिशवीत आठ महिन्यांतले तीन सीटी स्कॅन निघाले. खडा तोच, डाव्या मूत्रपिंडातला. पहिला स्कॅन बोईसरला, दुसरा वापीला, तिसरा मुंबईला. दर वेळी जुनी सीडी घरी राहिलेली आणि नव्या डॉक्टरांनी नवा स्कॅन लिहून दिलेला.

अणुकेंद्रासारख्या ठिकाणामुळे सामान्य नागरिकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळू नये, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. पोटाच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतात, तेही काही सेकंदांत. जमीन, आकाश, हवा आणि अन्नातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच, म्हणजे एक स्कॅन हा तीन-चार वर्षांचा नैसर्गिक वाटा झाला. रुग्णाच्या तपासणीला मात्र अशी कमाल मर्यादा लावलेली नाही. फायदा त्याचाच असतो आणि मर्यादेपायी गरजेची तपासणी अडू नये, हे त्यामागचे कारण. एका स्कॅनने कॅन्सरचा धोका फार थोडा वाढतो. पण स्कॅन वाढत गेले की तो साठत जातो, आणि लहान मुलांना तो मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

आता चित्राकडे येऊ. सीटीमध्ये क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते आणि पलीकडे किती किरण पोहोचले त्यावरून संगणक आतले काप रचतो. किरण कमी सोडले की चित्र दाणेदार होते. किरण निम्मे केले तर दाणे दुप्पट होत नाहीत, साधारण १.४ पट होतात; दुप्पट व्हायला किरण पाव करावे लागतात. मग प्रश्न असा की किती दाणे चालतील? यकृतातली बारीक गाठ आणि आजूबाजूचे मांस यांच्या रंगात फरक अगदी थोडा, तिथे दाण्यांत गाठ हरवेल. मुतखडा मात्र हाडासारखा पांढरा दिसतो. खरखरीत चित्रातही तो लपत नाही. म्हणून मुतखड्यासाठी ३ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी मात्रेचा ‘लो-डोस’ स्कॅन करता येतो आणि बहुतेकांना तो पुरतो. फार स्थूल माणसात किंवा अगदी बारीक खड्यात तो कमी पडू शकतो, हेही खरे. आजची यंत्रे रुग्णाच्या जाडीप्रमाणे किरण आपोआप कमी-जास्त करतात आणि संगणक दाणे बराच पुसतो. पण चित्र किती गुळगुळीत हवे हे यंत्राला माणूसच सांगतो. गरज नसताना देखणे चित्र मागितले तर यंत्र मुकाट्याने किरण वाढवते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हा गोंधळ आपण पाहिला. मे २०२१ मध्ये एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया म्हणाले की एक सीटी म्हणजे छातीचे ३०० ते ४०० एक्स-रे. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ते जुने झाल्याचे सांगत लो-डोस स्कॅनसाठी ५ ते १० चा आकडा दिला. मात्रा कशी लावली यावर किती फरक पडतो ते यातून कळावे. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने छातीच्या स्कॅनचे दर बांधले : १६ स्लाइसखालील यंत्राला २०००, १६ ते ६४ ला २५०० आणि त्यावर ३००० रुपये. तेव्हापासून ‘जास्त स्लाइसचे करा’ असे सांगणारे बरेच भेटतात. स्लाइस जास्त म्हणजे स्कॅन लवकर होतो. डोस कमी झालाच असे नाही.

चित्र बिघडण्याची निम्मी कारणे आपल्या अंगावर असतात. नाणी, पट्ट्याचे बक्कल, साडीची सेफ्टी पिन, कमरेचा चांदीचा करगोटा यांनी चित्रात पांढरे फराटे उठतात. हे सगळे आधीच काढून ठेवावे. टेक्निशियनने टेबलावर मध्यभागी झोपवले की सरकू नये. बाजूला गेलेल्या शरीराचा यंत्राला अंदाज चुकतो आणि चित्र व मात्रा दोन्ही बिघडतात. ‘श्वास रोखा’ म्हटले की रोखावा. हलल्यामुळे स्कॅन पुन्हा घ्यावा लागला तर डोसही पुन्हा.

डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. कपाळावर आठ्या येतील ही भीती असते. तरी नम्रपणे एवढे विचारावे : आधी सोनोग्राफी करून भागेल का? हा जुना स्कॅन चालेल का? मुतखड्यासाठीच आहे, तर लो-डोस करता येईल का? बाईला दिवस गेल्याची शंका असेल तर ती न विचारता सांगावी. आणि हायवेवर गाडीवरून पडून डोक्याला मार लागला असेल, उलट्या होत असतील, तर डॉक्टरांनी सांगितलेला सीटी रेडिएशनच्या भीतीने नाकारू नये. डोक्याच्या स्कॅनला साधारण २ मिलिसिव्हर्ट लागतात. मेंदूतला रक्तस्राव वेळेत कळला नाही तर जीव जातो.

स्कॅन झाल्यावर फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी. तिच्यात बहुधा एक डोसचा तक्ता असतो, त्यात ‘डीएलपी’ नावाचा आकडा पाहावा. पोटाच्या स्कॅनचा हा आकडा ०.०१५ ने गुणला की अंदाजे मिलिसिव्हर्ट निघतात : ६०० असेल तर ९, २०० असेल तर ३. आमच्या त्या बांधवाच्या तिन्ही सीडींवरचे आकडे आम्ही एका कागदावर लिहून फाइलीच्या पहिल्या पानाला टाचून दिले. पुढच्या तपासणीला तो ती फाइल घेऊन गेला आणि डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली.