पिकाने मिळविलेला कर्ब जातो कोठे?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. येथील बहुतांश शेती पावसाच्या पाण्यावर होते. खरिपात सोयाबीन हे प्रमुख पीक असून त्याच्या जोडीला तूर घेतली जाते. ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर जमिनीत ओल किती दिवस टिकते यावर पीक तगणे अवलंबून असते. जमीन भुसभुशीत राहण्यात व ओल टिकण्यात सेंद्रिय कर्बाचा वाटा मोठा आहे.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत या कर्बाचे प्रमाण नोंदलेले असते. ते ०.५० टक्क्यांहून कमी असल्यास जमीन सर्वसाधारणपणे या बाबतीत कमी प्रतीची समजली जाते. अशा १०० किलो मातीत सेंद्रिय पदार्थ एक किलोदेखील भरत नाही. मात्र हा कर्ब जमिनीत आला कोठून आणि जातो कोठे, हे पत्रिकेवरून कळत नाही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी कर्बाचा माग काढण्याची पद्धती योजिली आहे.

खुणेचा कर्ब

वनस्पती हवेतील कर्बवायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साईड, घेऊन सूर्यप्रकाशात साखर तयार करतात. सर्व कर्ब दिसण्यास सारखाच. म्हणून त्याला खूण करावी लागते. १९४० मध्ये अमेरिकेतील बर्कले येथे मार्टिन केमेन व सॅम रुबेन यांनी कार्बन-१४ या किरणोत्सारी समस्थानिकाचा शोध लावला आणि हा मार्ग खुला झाला. किरणोत्सारी नसलेला कार्बन-१३ हाही याच कामी येतो.

पिकावर पारदर्शक आच्छादन घालून खुणेचा कर्बवायू काही काळ आत सोडतात. नंतर काही तासांनी, काही दिवसांनी व कापणीच्या वेळी पाने, खोड, मुळे व माती वेगवेगळी करून प्रत्येकात खुणेचा कर्ब किती आला हे मोजतात. जमिनीतून बाहेर पडणारा वायूही अल्कलीच्या द्रावणात पकडला जातो.

शंभरातील वाटणी

गहू व बार्ली यांवरील अशा प्रयोगांतून असे दिसून आले की, पिकाने मिळविलेल्या कर्बापैकी सुमारे २० ते ३० टक्के भाग जमिनीखाली जातो. त्यातील निम्मा मुळांत राहतो. सुमारे एक-तृतीयांश भाग मुळांच्या व सूक्ष्म जीवांच्या श्वसनातून पुन्हा हवेत जातो. उरलेला भाग सूक्ष्म जीवांत व मातीत मिसळतो. शंभर भागांपैकी २५ भाग खाली गेले असे धरल्यास मातीच्या पदरात चार-पाच भागच पडतात. मुळे कुजल्यावर त्यात आणखी काही भर पडते.

ही वाटणी पिकाप्रमाणे व परिस्थितीप्रमाणे बदलते. नत्र भरपूर मिळाल्यास वाढीचा जोर पानांकडे वळतो. पाण्याची थोडी ओढ बसल्यास मुळांचा वाटा वाढतो. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधतात, पण त्याचे मोल पीक आपल्या कर्बातून चुकते करते.

ज्वारीची साक्ष

आपल्या भागात कार्बन-१३ची एक नैसर्गिक खूणही उपयोगी पडू शकते. ज्वारी, मका यांसारखी पिके सोयाबीन, तूर व कापूस यांच्यापेक्षा कार्बन-१३ किंचित अधिक प्रमाणात घेतात. पूर्वी वऱ्हाडात ज्वारीचे क्षेत्र मोठे होते. पुढे त्यातील बरेच सोयाबीनखाली आले. ज्या शेताचा पीकइतिहास नीट ठाऊक आहे, तेथील मातीवरून जुना ज्वारीचा कर्ब किती उरला आणि सोयाबीनने किती भर घातली, याचा अंदाज बांधता येतो. काळ्या जमिनीतील चुनखडीतही कर्ब असतो. म्हणून मोजणीपूर्वी तो आम्लाने काढून टाकावा लागतो.

गावाने काय करावे?

मातीला मिळणारा वाटा मुळातच लहान असल्याने शेतातील अवशेष जाळणे परवडणारे नाही. सोयाबीन उपटण्याऐवजी विळ्याने कापल्यास मुळे जमिनीतच राहतात. कुटार जनावरांना घातले, तरी त्याचे शेणखत शेतात परत जावे. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये. ती यंत्राने बारीक करून कुजवावी. ग्रामपंचायतींनी असे यंत्र गावात भाड्याने उपलब्ध होईल, हे पाहावे.

शिक्षकांना ही वाटणी शाळेतच दाखविता येईल. मातीच्या पिशव्यांत ज्वारी व सोयाबीन पेरून ४० दिवसांनी पिशवी पाण्यात भिजवावी, मुळे हलक्या हाताने धुवावीत आणि मुळे व शेंडा वेगवेगळे वाळवून वजन करावे. वाळलेल्या वजनात साधारण ४० ते ४५ टक्के कर्ब असतो. मुळांतून मातीत झिरपलेला कर्ब या वजनात येत नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

माती परीक्षणाचा नमुना दर वेळी त्याच शेतातून, त्याच हंगामात व सारख्याच खोलीवरून घेतला जावा. कर्बाचे प्रमाण एका वर्षात फारसे हलत नाही. पण काही वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की जमीन सुधारत आहे की खंगत आहे, हे गावाला स्वतःच्या आकड्यांवरून कळेल.