उंबरठ्यापलीकडे

सकाळी घरोघरी केर निघतो. खोलीचा कानाकोपरा झाडला जातो, सुपलीत केर भरला जातो आणि तो टोपलीत पडला की घर स्वच्छ झाल्याचे समाधान वाटते. परंतु घर स्वच्छ झाले म्हणजे केर नाहीसा झाला, असे नव्हे. त्याने केवळ आपली जागा बदललेली असते. तो पुढे कोठे गेला, कोणाच्या दारी जाऊन पडला आणि तेथे त्याने काय केले, हा स्वच्छतेच्या विचारातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. आणि नेमका तोच प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.

मुंबईतील जुन्या चाळींच्या मागील बाजूस दोन इमारतींच्या मधून एक अरुंद बोळ जातो. त्याला घरगल्ली म्हणतात. सांडपाण्याचे नळ तेथूनच खाली उतरतात. गिरणगावातील अशीच एक तीन मजली चाळ डोळ्यांपुढे आणावी. तिसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात स्वच्छतेचे मोठे वेड. भांडी लखलखीत, फरशी आरशासारखी. मात्र जेवणे आटोपली, की ताटांतील खरकटे, भाजीची देठे आणि चहाचा चोथा कागदात गुंडाळून मागच्या खिडकीतून खाली घरगल्लीत पडे. त्यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू नव्हता. सारेच तसे करीत, म्हणून याही घरातील माणसे तसे करीत.

तळमजल्यावरील एका खोलीची एकुलती एक खिडकी याच घरगल्लीत उघडत असे. ती बंद ठेवावी तर जीव गुदमरे. उघडावी तर दुर्गंधी आणि माशा आत येत. एकदा पावसाळ्यात त्या घरातील लहान मुलाला जुलाब व उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी औषध दिले आणि पाणी उकळून पाजण्यास व अन्नावर माशी बसू न देण्यास बजावले. पण जेथे खिडकीबाहेरच माशांचे माहेर, तेथे त्या माउलीने करावे तरी काय?

माशी हा दिसण्यात क्षुद्र, पण करणीने भयंकर असा जीव आहे. ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांत ती एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. उबदार हवेत एका दिवसाच्या आतच त्यांतून अळ्या बाहेर पडतात आणि आठ-दहा दिवसांत नवी माशी उडू लागते. माशीला दात नसतात. घन पदार्थ खायचा झाल्यास ती त्यावर आपली लाळ टाकते, तो विरघळविते आणि मग शोषून घेते. घाणीवर बसलेली माशी उडून भाकरीवर बसली, म्हणजे तिच्या पायांवरील, अंगावरील केसांतील आणि पोटातील रोगजंतू त्या भाकरीवर उतरतात. अतिसार, आमांश, विषमज्वर यांसारखे रोग अशा रीतीने पसरू शकतात. घाण कोणाची आणि भाकरी कोणाची, हे माशी पाहत नाही.

माशीप्रमाणेच उंदीरही उष्ट्यावर पोसतो. त्याची किंमत मुंबईने एकदा फार मोठी मोजली आहे. 1896 साली बंदराजवळच्या मांडवी भागात अनेक माणसे तापाने व गाठी येऊन दगावू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले. दाट वस्ती, ओलसर अंधाऱ्या खोल्या, धान्याची कोठारे आणि तुंबलेली गटारे यांत उंदरांचा सुळसुळाट होता. उंदरावरील पिसू माणसास चावून हा रोग पसरविते, हे शास्त्रज्ञ पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 साली दाखवून दिले. तोवर साथ पुण्यापर्यंत पोचली होती. तेथे प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. आज या रोगावर औषधे आहेत. परंतु उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग अजूनही पावसाळ्यात डोके वर काढतो.

मग घरातील केराचे करावे काय? प्रथम त्याची जात ओळखावी. साली, देठे, उरलेले अन्न, निर्माल्य हा ओला कचरा. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक हा सुका कचरा. जुनी औषधे, विजेऱ्या, रंगाचे डबे हा घातक कचरा. या तिन्ही प्रकारचा कचरा घरातच वेगवेगळा ठेवावा, असे 2016 साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत सांगितले होते. ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे. डब्यात टाकण्यापूर्वी खरकट्यातील पाणी मोरीत निथळून घ्यावे, म्हणजे दुर्गंधी कमी येते. डबा रोज रिकामा करावा, धुवावा आणि शक्य तर उन्हात वाळवावा. केराला हात लागल्यावर साबणाने हात चोळून धुतल्याशिवाय अन्नास स्पर्श करू नये. सवयी साध्या आहेत; पण त्या रोज पाळाव्या लागतात.

ओला कचरा टाकूनच द्यावा लागतो, असेही नाही. एखाद्या जुन्या माठास बाजूने भोके पाडावीत. तळाशी वाळलेला पाला पसरावा. त्यावर भाज्यांच्या साली व देठे घालावीत आणि प्रत्येक वेळी वर पुन्हा पाल्याचा थर द्यावा. अधूनमधून ते सारे हलवावे. हवा आणि माफक ओल मिळाली, की डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव कामाला लागतात. दोन-तीन महिन्यांत मातीसारखे काळेभोर, भुसभुशीत खत तयार होते. हवा मिळाली नाही तर मात्र त्याच पदार्थांना दुर्गंधी सुटते. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड या शास्त्रज्ञाने आपल्याकडील शेतकऱ्यांच्या अनुभवातून शिकून 1924 ते 1931 या काळात खत करण्याची एक पद्धत विकसित केली. ती ‘इंदूर पद्धती’ या नावाने जगभर ओळखली जाते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपल्याकडे म्हणतात. नीट काळजी घेतली, तर त्यास बारा महिनेही लागत नाहीत!

केराच्या वाटेवर आणखी एक शेजारी भेटतो. त्याचा विचार तर सहसा कोणाच्या मनातच येत नाही. तो म्हणजे आपला केर उचलणारा माणूस. खरकट्यात टाकलेली फुटकी काच अथवा दाढीचे पाते त्याच्या हातात घुसते. ओल्यात मिसळलेला कागद भिजून वाया जातो आणि त्यावर पोट असणाऱ्याचे नुकसान होते. पुण्यात 1993 साली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. पुढे 2007 साली त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली आणि तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागले. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी देण्यास कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्याने एका माणसाचा हात वाचतो.

महाराष्ट्राला हा धडा गाडगेबाबांनी आपल्या आचरणाने घालून दिला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचे गाडगे अशा वेषात ते गावात शिरत आणि प्रथम रस्ते झाडू लागत. दिवसा गावातील घाण काढावी आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनातील अज्ञान झाडावे, हा त्यांचा क्रम होता. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच्या दारातील केर काढण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. मग आपला केर दुसऱ्याच्या दारी टाकण्यात मोठेपणा तो कसला?

त्या चाळीतील गोष्ट येथेच संपली नाही. मूल आजारी असल्याचे कळताच तिसऱ्या मजल्यावरील बाई समाचारास खाली आल्या. बरोबर त्यांनी पेजेचा गंज आणला होता.

“कसे आहे आता बाळाला?” त्यांनी विचारले.

“आज डोळे उघडले आहेत. या ना काकू, बसा. इथे खिडकीशी जरा उजेड आहे,” आई म्हणाली.

काकू खिडकीशी बसल्या. त्या घरगल्लीकडे त्यांनी खालून असे कधी पाहिलेच नव्हते. खिडकीच्या चौकटीवर मेथीच्या काड्या पडल्या होत्या. सकाळी त्यांनी स्वतःच ती जुडी निवडली होती. आईने त्यासंबंधी एक शब्दही काढला नाही. काकूंनीही काही न बोलता त्या काड्या एकेक करून उचलल्या आणि पदराच्या टोकात बांधून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी घंटागाडीची घंटा वाजली, तेव्हा काकू तीन जिने उतरून आल्या. त्यांच्या हातात झाकणाचा डबा होता. आठवडाभराने त्यांच्या मागोमाग आणखी दोन घरांतील मुले डबे घेऊन उतरू लागली. घरगल्ली स्वच्छ व्हायला पुष्कळ दिवस लागले. परंतु एके दिवशी तळमजल्यावरील ती खिडकी दुपारभर उघडी राहिली, आणि बरे झालेले मूल तिच्याशी बसून बाहेरच्या वाऱ्यावर आपले कागदाचे भिरभिरे फिरवू लागले.

आपले घर उंबरठ्याशी संपत नाही. आपण टाकलेला केर जेथवर जातो, तेथवर आपले घर पसरलेले असते.

स्वाध्याय

1. ‘घर स्वच्छ झाले म्हणजे केर नाहीसा झाला, असे नव्हे.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
2. आईने एक शब्दही न काढता काकूंच्या वागण्यात बदल का झाला असेल?
3. आपल्या घरातील एका दिवसाचा केर कोठून कोठे जातो, याची माहिती मिळवा आणि ती दहा ओळींत लिहा.