लायसन्स जप्त झालं, पुढे काय? : हक्क आणि जबाबदारीचा पाठ



आपलं खापर अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरचं गाव. इथल्या कितीतरी मुलांचे वडील पिकअप, रिक्षा चालवतात. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं आणि लायसन्स गेलं, की घराची कमाईच थांबते. मग धावपळ होते ती ओळख शोधायची. खरं तर वाट कायद्यातच आहे.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा खटला कोर्टात चालतो.

लायसन्सचं प्रकरण वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात. पोलिसांची पावती मिळते, पण तिच्यावर गाडी चालवता येत नाही. निर्णय आरटीओचा, आणि तोही चालकाचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. पहिल्या वेळी ३ महिने निलंबन, पुन्हा सापडल्यास लायसन्स रद्द. बाजू पटली तर सोडूनही देता येतं.

बाजू कशी मांडायची?
१. नोटिशीची तारीख चुकवू नका. उत्तर लेखी द्या, पोच घ्या.
२. कागद तपासा : श्वास चाचणीची छापील चिठ्ठी, रक्ताचा अहवाल, नाव, वेळ. अटकेनंतर २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर पोलिसांना सोडावं लागतं. पण तेवढ्यानं लायसन्स आपोआप परत मिळत नाही.
३. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करा.
४. तोवर स्टिअरिंगला हात नको. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

"घर गाडीवरच चालतं" हे खरं असलं, तरी चाचणीतल्या आकड्याला ते उत्तर नाही.

वर्गात घेताना
नागरिकशास्त्राच्या तासाला दोन प्रश्न विचारा : ज्याच्यावर आरोप आहे, त्याचंही ऐकून का घ्यायचं? आणि त्याच रस्त्याच्या कडेनं शाळेत चालत येणाऱ्या मुलांचा हक्क कोणता? दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मात्र उदाहरणात वर्गातल्या कुणाच्याही वडिलांचं नाव येऊ देऊ नका. त्या घरात आधीच पुरेशी चिंता असते.